डाएट मोडलं, मग सोमवारपर्यंत काय?

"मॅडम, माझ्यात इच्छाशक्तीच नाही. लो-कार्ब सुरू करते, दहा-बारा दिवस मस्त जातात, मग काहीतरी होतं आणि सुटतं. परत सोमवारी सुरू. यावेळी टिकेल असं काहीतरी सांगा."

मी आहारतज्ज्ञ नाही, लोकांच्या खाण्याच्या सवयींवर त्यांच्याशी बोलते. शब्द थोडेफार बदलतात, पण वजनाच्या किंवा साखरेच्या निमित्ताने माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं हेच असतं. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या माध्यमिक शाळेत गणित शिकवतात, म्हणून इथेही त्यांना 'बाई'च म्हणते.

बाई पंचेचाळिशीच्या. आई-वडील दोघांनाही मधुमेह. एका तपासणीत त्यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.1 आली. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाचा उंबरठा, 6.5 पासून मधुमेह. डॉक्टरांनी सांगितलं, भात-पोळी-साखर कमी करा, चाला, वजन उतरवा. "कमी करा" हे बाईंना फार मोघम वाटलं. तेवढ्यात एका मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर लो-कार्बचा, म्हणजे कमी कर्बोदकांच्या आहाराचा, तक्ता पाठवला: दिवसाला 20 ग्रॅम कर्बोदकं, बास. हा आकडा होता, त्यामुळे बाईंना तो लगेच पटला.

20 ग्रॅम म्हणजे जेमतेम एक पोळी, तीही अख्ख्या दिवसात. शिवाय दूध, डाळ, कांदा, टोमॅटो यांचा हिशेब वेगळा. आपल्याकडे सर्वसाधारण जेवणातली साठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा भात, गहू, ज्वारी, साखर यांतूनच येते. तिथून एका रात्रीत 20 वर यायचं, आणि तेही घरच्या सगळ्यांसाठी रोज सकाळी अठरा पोळ्या लाटून, त्यातली एकही न खाता. बाई हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता. "तव्यावरची पहिली पोळी मुलाला देते आणि मी पनीर खाते."

दुसऱ्या भेटीला त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या. डाएटच्या वह्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर वर 'श्री', खाली तारीख, वजन, कंबरेचं माप आणि लाल पेनाने अधोरेखित केलेलं लक्ष्य. कुठली सोमवारी सुरू झालेली, कुठली 1 जानेवारीला, एक पाडव्याला. पुढे सात-आठ पानं सुबक अक्षरात: सकाळी दोन अंडी, दुपारी पनीर-कोशिंबीर, रात्री पालेभाजी आणि ताक, आणि शेवटी दिवसाची बेरीज. मग एका ठिकाणी अर्धं पान, आणि तिथून शेवटपर्यंत कोरी वही. पुढचा प्रयत्न नव्या वहीत.

"तीच वही पुढे का नाही चालवली?" मी विचारलं.

"ती बाद झाली ना. मोडलं त्यात."

त्यांच्या मनातलं डाएट उपासासारखं होतं. एकादशीला चुकून घासभर पोळी पोटात गेली की उपास गेला, आता पुढच्या एकादशीला बघू. देवाधर्माच्या बाबतीत ते ठीक असेल, पण रक्तातली साखर तिथी पाळत नाही. (जाता जाता: श्रावणात बाईंची खरी पंचाईत व्हायची. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्चच, त्यामुळे बशीभर खिचडीत 50 ग्रॅमच्या वर कर्बोदकं सहज जातात. उपास धरावा तर डाएट जातं. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्याला पोषणशास्त्र माहीत नसेल, पण निरीक्षण पक्कं होतं.)

बहुतेक लोक विचारतात, मोडू नये म्हणून काय करू? मला त्या कोऱ्या पानांमध्ये जास्त रस होता. मी बाईंना एक वही निवडायला सांगितली आणि म्हटलं, जिथे लिहिणं थांबलं तिथपासून पुढच्या सोमवारपर्यंत काय खाल्लं ते आठवून लिहा. त्या आधी टाळत होत्या. "ते काय लिहायचं, ते तर सगळं वाईटच." पण लिहायला बसल्या आणि भराभर आठवत गेलं.

बुधवार. स्टाफरूममध्ये एका सरांच्या निवृत्तीचा केक. नको नको म्हणताना हातात दिलेला एक तुकडा, सकाळी अकरा वाजता. दुपारी डबा तसाच परत. "आता गेलंच आहे तर" म्हणून घरी येताना स्टेशनबाहेर दोन वडापाव. रात्री वरण-भात, पोटभर, "कधीपासून खाल्ला नव्हता". गुरुवारी मुलांसाठी मागवलेला पिझ्झा. शुक्रवारी काहीच खास नाही, पण पोळ्या पाच. शनिवारी एक बारसं. आणि रविवारी खास श्रीखंड-पुरीचा बेत, कारण सोमवारपासून बंद.

लिहून झाल्यावर मी काही बोलले नाही. बाईंनीच पेन उलटं धरून केकच्या ओळीवर टेकवलं आणि मग खाली घसरत रविवारपर्यंत नेलं. "म्हणजे हे एक," त्या म्हणाल्या, "आणि हे सगळं."

गणिताच्या शिक्षिकेला यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही. केकचा तुकडा सरांच्या निवृत्तीमुळे पोटात गेला. उरलेले साडेचार दिवस 'सोमवारपासून' या शब्दाने खाल्ले. त्यातही रविवार सगळ्यात भारी. जे बंद होणार ते आधी भरपूर खाऊन घ्यायचं, म्हणजे डाएट सुरू व्हायच्या आधीच त्याची किंमत मोजून झालेली. वर्षात असे सात-आठ निरोपसमारंभ झाले तर वजन का उतरत नाही हे शोधायला थायरॉइडची चाचणी लागत नाही. (ती बाईंनी दोनदा केली होती. नॉर्मल.)

हे फक्त बाईंचं नाही. टोरोंटोच्या जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी खाण्यावर बंधन घालणाऱ्यांचा अभ्यास करण्यात हयात घालवली. 2010 मध्ये त्यांनी एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांना पिझ्झाचा तुकडा एकाच आकाराचा दिला, पण काहींना असं भासवलं की तुमचा तुकडा इतरांपेक्षा मोठा आहे. नंतर बिस्किटं चाखायला दिली. डाएटवर असलेल्यांपैकी ज्यांना आपला तुकडा मोठा वाटला त्यांनी जास्त बिस्किटं खाल्ली. पोटात गेलेला पिझ्झा तेवढाच होता. बिस्किटं खाल्ली गेली ती "आज मोडलं" या समजुतीपोटी.

बाईंना हे पटलं, पण एक शंका होतीच आणि ती रास्त होती. "मॅडम, असं स्वतःला सोडून दिलं तर शिस्त कुठे राहिली? मुलांना एकदा सूट दिली की ती सोकावतात." त्यांना मी 2007 सालचा एक अमेरिकन प्रयोग सांगितला. डाएटवाल्या मुलींना डोनट खायला दिला. त्यांतल्या काहींना प्रयोग घेणारी सहज म्हणाली, सगळेच असं कधीतरी खातात, मनाला लावून घेऊ नका. मग पुढ्यात गोळ्या-चॉकलेटं ठेवली. ज्यांना हे चार शब्द ऐकवले होते त्यांनी ती कमी खाल्ली. स्वतःला फटके मारणाऱ्यालाच पुढचा वडापाव लागतो, असं माझ्या खोलीतही वारंवार दिसतं. बाई म्हणाल्या, "बघू." त्या काही लगेच बधणाऱ्या नव्हत्या.

आम्ही ठरवलं ते अगदी साधं होतं. नवी वही आणायची नाही. आहे तीच चालवायची, आणि वाईट दिवस तर लिहायचाच. शेरा न मारता, लाल पेन न वापरता, 'केक, एक तुकडा, 11 वाजता' एवढंच. त्यानंतरचं पुढचं जेवण नेहमीसारखं. उद्यापासून नाही, सोमवारपासून नाही, पुढचं जेवण. आणि भरपाई म्हणून ते टाळायचंही नाही. त्या बुधवारी बाईंचा डबा उघडला गेला असता तर स्टेशनबाहेर भूक एवढी खवळलीच नसती.

एक गोष्ट माझ्या अखत्यारीतली नव्हती. 20 ग्रॅमचा आकडा बाईंसाठी योग्य आहे का, हे मी ठरवू शकत नाही. त्यासाठी त्यांना आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. तिथून त्या हिरमुसून आल्या, कारण दुपारी एक भाकरी आणि रात्री थोडी डाळ परत ताटात आली होती. भात आणि साखर जवळपास बंद, पण भाकरी आहे. "हे काय लो-कार्ब झालं?" झालं की. आधीच्या जेवणाच्या निम्म्यावर कर्बोदकं आली होती. आणि कुठलं डाएट श्रेष्ठ, यावर आपल्याकडे 'दीक्षित की दिवेकर' म्हणून घराघरांत पक्ष पडतात, तरी 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या एका मोठ्या अभ्यासात सहाशेच्या वर लोकांना वर्षभर कमी चरबीच्या किंवा कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवलं तेव्हा दोन्ही गटांचं सरासरी वजन जवळपास सारखंच उतरलं. माझ्या मते, ज्या आहारात अठरा पोळ्या लाटणाऱ्या बाईला एक भाकरी मिळते तो आहार फेब्रुवारीपर्यंत टिकायची शक्यता जास्त.

तरी बाईंच्या मनात काट्याची धास्ती होती. लो-कार्बच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं वजन दर वेळी दीड-दोन किलो उतरायचं आणि मोडलं की दोन दिवसांत परत यायचं. "एका दिवसात दीड किलो! मग राहतंय काय?" याचं उत्तर पाण्यात आहे. शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं, मोठ्या माणसात साधारण 400-500 ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कर्बोदकं तोडली की हा साठा आणि पाणी जातं, खाल्ली की येतं. पहिल्या आठवड्याचा आनंद आणि मोडल्यानंतरचा धक्का, दोन्हींत चरबीचा वाटा थोडाच.

बाईंनी माझ्या टेबलावरचा कागद ओढून गणित मांडलं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. उकडीचा एक मोदक 140 धरू. भागाकार केला: पंचावन्न. "म्हणजे एक किलो चरबी वाढायला रोजच्या जेवणावर पंचावन्न मोदक खायला हवेत?" त्या हसल्या. पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. तो कागद त्यांनी घडी करून वहीत ठेवला.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. सहामाहीच्या पेपर तपासणीत वही परत कोरी पडली, आणि बाईंनी माझी एक भेटही रद्द केली. नंतर आल्या तेव्हा ती पानं आठवून भरलेली होती. रात्री बारा वाजता गठ्ठ्याशेजारी बिस्किटांचा पुडा. तिथे आम्ही जेवणापेक्षा झोपेवर आणि त्या महिन्यात घरातलं कोणतं काम दुसऱ्या कुणी करायचं यावर बोललो. पोळ्या करायला मदतनीस लावावी, हा विषय त्या घरात पहिल्यांदाच निघाला.

दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. मधुमेहाची औषधं चालू असतील, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या, तर डॉक्टरांना न विचारता कर्बोदकं एकदम तोडू नयेत, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. लघवीवाटे साखर टाकणाऱ्या, नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्यांबरोबर कडक कीटो (कर्बोदकं जवळपास बंद करणारा आहार) केल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. आणि दुसरं, 'डाएट मोडलं' या नावाखाली काही जणांचं दुखणं वेगळंच असतं: थोड्या वेळात बेसुमार खाणं, हात आवरतच नाही अशी जाणीव, लपून खाणं, नंतर किळस. असं आठवड्यातून एकदा, सलग तीन महिने होत असेल, किंवा खाल्लेलं उलटी करून काढलं जात असेल, तर वही आणि भाकरी यांनी भागत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. बाईंच्या बाबतीत मी हे पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं. तसं नव्हतं.

गणपतीत बाईंनी चतुर्थीला दोन मोदक खाल्ले, तूप घालून. वहीत लिहिले. रात्री नेहमीची भाजी, ताक. सकाळी काटा किलोभर वर होता. त्यांनी तोही आकडा लिहिला आणि शेजारी फक्त 'पाणी' लिहिलं. डिसेंबरात एचबीएवनसी 5.8 आली. वजन जेमतेम तीन किलो उतरलं होतं, बाईंच्या मते फारच हळू, आणि ते त्यांनी मला नापास मुलाच्या पालकांशी बोलावं तशा आवाजात सांगितलं.

सध्या आमचा विषय सासूबाई आहेत. "एका पोळीने काय होतंय" असं म्हणत त्या न विचारता ताटात पोळी वाढतात, आणि बाई ती खाऊन दिवसभर धुमसत राहतात. बाईंना त्यांना कसं सांगायचं ते ठरवायचं आहे. पहिला मसुदा त्यांनी वहीतच लिहून आणला होता. तो जरा जास्तच मुख्याध्यापिकेच्या सुरातला होता, म्हणून परत लिहायला दिला आहे.