भिंतीतल्या पोया माश्या आणि त्यांचं प्रोपोलिस: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

अलीकडे पोया माश्यांबद्दल तीन ठिकाणांहून विचारणा झाली. सांगोल्याकडच्या एका शेतकऱ्याला घरकुल मंजूर झालंय. जुनं माळवद पाडायला घेतलं, तर पांढरीच्या मातीच्या भिंतीत चिलटाएवढ्या काळ्या माश्या आणि चिकट काळपट गोळे सापडले. बार्शीच्या एका बचत गटाला कुणी सांगितलंय, की हे गोळे म्हणजे प्रोपोलिस (माश्यांनी झाडांची राळ आणि मेण मळून केलेला चिकटा), हजारो रुपये किलोनं जातं. आणि मंगळवेढ्याचे डाळिंब बागायतदार विचारतात, की याचा अर्क फवारला तर तेल्या (डाळिंबावरचा जीवाणूजन्य रोग) जातो का.

आधी माशी. ही आपली देशी डंखविरहित मधमाशी. कुणी पोया म्हणतं, कुणी ट्रायगोना. शास्त्रीय नाव टेट्रागोन्युला इरिडिपेनिस. लांबी जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर. भिंतीच्या भेगेतून, झाडाच्या ढोलीतून, कधी विजेच्या मीटरच्या पेटीतूनसुद्धा करंगळीएवढी काळपट नळी बाहेर आलेली दिसते आणि तिच्या तोंडाशी चार-दोन माश्या पहाऱ्याला बसलेल्या असतात. ही डंख मारू शकत नाही. चिडली की केसांत, कानांत शिरते, बारीक चावते आणि चिकटा लावून जाते. आत सातेरी या डंख मारणाऱ्या देशी मधमाशीसारखी लोंबती पोळी नसतात. मध आणि पराग वाटाण्याएवढ्या काळसर मडक्यांत भरलेले असतात आणि पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) कोशांचा घोस मधोमध असतो.

ही मडकी, नळी, भेगांचं लिंपण हे सगळं मेण आणि झाडांची राळ एकत्र मळून केलेलं असतं. माश्या खोडांच्या जखमांवरचा राळेसारखा चीक मागच्या पायांवर चिकटवून आणतात. सातेरी हे काम जवळजवळ करतच नाही. मेलिफेरा (पेट्यांत पाळतात ती युरोपियन मधमाशी) करते, पण मुख्यतः फटी बुजवण्यापुरतं. पोयाचं मात्र अख्खं घरच त्यावर उभं असतं. डंख नाही, म्हणून मुंगी आली की तिला चिकट्यात अडकवायचं, ओल आणि बुरशी बाहेर ठेवायची, हाच तिचा बंदोबस्त. म्हणून भिंतीतलं सगळं प्रोपोलिस खरवडून काढलं, की मुंग्या वसाहत फस्त करू शकतात. थोडं घ्यायला हरकत नाही, पण नळी आणि पिलाव्याभोवतीचं आवरण यांना हात लावू नका.

आता सांगोल्याच्या भिंतीचं. पाडकाम काही महिने लांबवता येत असेल तर सगळ्यात चांगलं. जाड फळीची, साधारण दोन-अडीच लिटरची लाकडी पेटी घ्या. अर्ध्या इंचाच्या पाईपचा तुकडा नळीच्या तोंडाशी बसवून पेटीला जोडा, सांधे मातीनं लिंपा आणि पेटीच्या दुसऱ्या बाजूला छोटं भोक ठेवा. माश्यांना पेटीतूनच ये-जा करावी लागते. नवीन जागा रुळली, की त्या तिथे मडकी बांधायला लागतात आणि पुढे पिलावाही तिथेच येऊ लागतो. आतून पेटीला जुन्या भिंतीतलं थोडं प्रोपोलिस चोळा, वासानं त्या लवकर रुळतात. या कामात मातकट प्रोपोलिससुद्धा चालतं.

भिंत लगेच पाडायचीच असेल, तर पहार लावू नका. खुरप्यानं हळूहळू माती काढा. पिलाव्याचा घोस अलगद उचला आणि वरची बाजू वरच राहील असा पेटीत ठेवा. उलटा झाला तर कोशातली अळी तिच्याच खाद्यात बुडते. राणी पोट फुगलेली, इतरांपेक्षा चांगलीच मोठी दिसते. तिला उडता येत नाही, म्हणून ती मातीत पडली नाही ना, हे घोस उचलताना बघा. न फुटलेली परागाची मडकी आत ठेवा, फुटलेली मधाची मात्र ठेवू नका. सांडलेल्या मधात माश्या बुडतात आणि मुंग्यांना आमंत्रण जातं. पेटी संध्याकाळपर्यंत जुन्या भोकाजवळच ठेवा, बाहेर गेलेल्या माश्या परततील. अंधार पडल्यावर तोंड बंद करून हलवा. नवी जागा निदान एक किलोमीटर लांब असावी, नाहीतर माश्या सकाळी पुन्हा जुन्या भिंतीकडेच जातील.

हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीच करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, त्यात मडक्यांचं मेण मऊ पडतं आणि घोस बसतो. पेटी लिंबाच्या नाहीतर चिंचेच्या दाट सावलीत ठेवा, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत असू द्या.

बचत गटाच्या ताईंना सांगायचं ते थोडं कडू आहे. एका पेटीतून वर्षाला मध निघतो काही शे ग्रॅम, आणि वसाहतीला धक्का न लावता घेता येण्याजोगं प्रोपोलिस त्याहून कमी. बाजारात मागणी आहे ती मुख्यतः मेलिफेराच्या मालाला. पोयाचं प्रोपोलिस आसपासच्या झाडांप्रमाणे बदलतं, त्यामुळे मोठा घेणारा आधी प्रयोगशाळेचा अहवाल मागतो. राळ मिळाली नाही तर माश्या रस्त्याचं डांबर, ओला रंग, ग्रीससुद्धा उचलतात, हेही लक्षात घ्या. हायवेकडच्या पेटीतला माल पोटात घ्यायच्या लायकीचा समजू नका. 'पेट्या आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू' असं कुणी म्हणत असेल, तर त्याच्याकडून हमी लेखी घ्या. नुसत्या शब्दावर आगाऊ पैसे देऊ नका.

थोडं जमवायचंच असेल, तर पेटीच्या झाकणाखालचा आणि कडांचा थर खरवडा. थंडीत सकाळी हे काम सोपं जातं, कारण साधारण 15 अंशाखाली प्रोपोलिस ठिसूळ होतं. उन्हाळ्यात ते हाताला च्युइंग गमसारखं चिकटतं. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून कुटलं की माती आणि काड्या वेगळ्या करता येतात. नंतर कोरड्या बाटलीत, अंधारात ठेवा. ओळख पटवायची असेल तर कोमट पाण्यात टाका. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळत जातो, प्रोपोलिस विरघळत नाही.

अर्क निघतो तो पिण्यायोग्य दर्जाच्या इथाइल अल्कोहोलमध्ये, आणि ते बाळगायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. रंगवाल्याकडचं स्पिरिट नको, त्यात मिथाइल असतं, डोळे जातात. हातभट्टीचा प्रयोग करू नका हे वेगळं सांगायला लागू नये, पण फोन आलाय म्हणून सांगतोय. घसा दुखणं, जखम, जनावराच्या खुरातली जखम यावर 'औषध' म्हणून विकायला तर परवान्याशिवाय कायद्यानं मनाईच आहे. जंतूंवरचा परिणाम प्रयोगशाळेत दिसलाय, हे खरं. पण प्रोपोलिसची ॲलर्जी होऊन कातडीला पुरळ उठलेली माणसंही असतात. दमेकरी आणि मधाची ॲलर्जी असलेल्यांनी तर हात लावू नये. जनावराला काही लावण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

गटाला या माशीतून खरा फायदा हवा असेल, तर पेटी शेवग्याच्या, सूर्यफुलाच्या नाहीतर बीजोत्पादनाच्या कांद्याच्या बांधावर ठेवा. ही माशी काही शे मीटरच जाते, त्यामुळे परागीभवनाचा लाभ तुमच्याच शिवारात राहतो.

मंगळवेढेकरांना थोडक्यात: नाही. तेल्यासाठी प्रोपोलिसची शिफारस नाही, आणि बागेत पुरेल इतकं ते मिळणारही नाही. बागेला ताण आणि विश्रांती, छाटलेल्या रोगट फांद्या गोळा करून जाळणं, कात्री दर झाडाला निर्जंतुक करणं, वेळेवर मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी हेच करत राहा. बागेजवळ पोयाची पेटी असेल तर फुलोऱ्यात थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड, क्लोरपायरीफॉस ही कीटकनाशकं टाळा. ही माशी सातेरीसारखी पोळं सोडून पळून जात नाही, राणीला उडता येत नसल्यानं अख्खी वसाहत तिथेच मरते. फवारणी अटळ असेल तर सूर्यास्तानंतर करा आणि त्या रात्री पेटीचं तोंड जाळीनं बंद ठेवा.