व्हॅनवर जाण्याआधी

प्रिय,

शनिवारपासून तू शिकागोच्या वेस्ट साइडला व्हॅनवरून नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेच्या ओव्हरडोसवरचं उताऱ्याचं औषध, वाटायला जाणार, हे कळलं आणि फार बरं वाटलं. तुझ्या आईला धास्ती वाटते आहे. तिची समजूत मी घालतो.

तुला एकच सांगायचंय. औषधाचं पाकीट मागणाऱ्याला ‘कशाला हवंय’ म्हणून विचारू नकोस. तू फार्मसी शिकतोस, चौकशीची सवय लागलेली असणार. तिथे ती आवर. श्वास थांबला की हाताशी मोजकी मिनिटं उरतात आणि तेव्हा शेजारी डॉक्टर नसतो, बहुतेकदा दुसरा नशा करणाराच असतो. औषध त्याच्या खिशात हवं. हे याच शहरात लवकर उमगलं. १९९६ मध्ये नशा करणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या ‘शिकागो रिकव्हरी अलायन्स’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक जण ओव्हरडोसने गेला आणि तिथल्याच डॅन बिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर इस्पितळात नि अँब्युलन्समध्ये असणारं हे औषध थेट नशा करणाऱ्यांच्या हातात द्यायला घेतलं. इलिनॉयमध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला तो २०१० मध्ये. आज स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो, पण त्यामागे अशा माणसांची कितीतरी वर्षं आहेत, याची जाण ठेव.

आता कामाचं. बेशुद्ध माणूस घोरल्यासारखा आवाज करतो, म्हणून लोक म्हणतात, ‘झोपलाय, झोपू दे.’ त्या घरघरीला फसू नकोस. ओठ, नखं बघ. निळसर किंवा राखाडी दिसतात. छातीच्या मधल्या हाडावर मूठ जोरात रगड. हलला नाही तर ९११ या आणीबाणीच्या नंबरवर फोन, मग एका नाकपुडीत स्प्रे. आधी दाबून बघायचा नाही, आत एकच डोस असतो. मग डोकं मागे कलवून, नाक चिमटीत धरून दर पाच सेकंदांना तोंडाने त्याच्या तोंडात एक श्वास फुंक. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही, तर दुसरा स्प्रे.

शुद्धीवर येईल तेव्हा ओकेल, थरथरेल, कदाचित तुलाच शिव्या घालेल. नशा एका झटक्यात उतरवली की अंगाची फार दैना होते, त्यामुळे मनाला लावून घेऊ नकोस. पण त्याला सोडून जाऊही नकोस. नॅलोक्सोनचा असर तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो. फेंटानिल (हेरॉइनहूनही कितीतरी जहाल ड्रग) अंगात उरलं असेल तर श्वास पुन्हा मंदावू शकतो.

तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकत्याच सुटलेल्यांकडे जास्त लक्ष दे. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस घेतो मात्र पूर्वीइतकंच. त्यांना दोन पाकिटं दे आणि एवढा एकच प्रश्न विचार: सोबत कोण असतं? त्या व्यक्तीला बोलावून घे आणि स्प्रे कसा मारायचा ते तिच्याकडून करून घे. त्यासाठी सरावाचा रिकामा स्प्रे व्हॅनमध्ये असतोच, नसला तर मागून घे.

तुझा,
काका