दोन हिटवर जिंकलेला सामना

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे नामांकित बेसबॉलपटू सैन्यात गेले. तरी 1944 मध्ये सेंट लुईस शहराच्याच दोन संघांत, ब्राउन्स आणि कार्डिनल्समध्ये, वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) झाली आणि त्यात एक हात नसलेला खेळाडूही होता, असं वाचलं. अशा उरल्यासुरल्या खेळाडूंच्या सामन्यांना कितपत किंमत द्यायची? (एक वाचक, मिरज)

उत्तर : एका हाताने खेळणारा पीट ग्रे ब्राउन्सकडून खेळला हे खरं, पण 1945 च्या मोसमात, 77 सामने. तुम्ही म्हणता त्या मालिकेत तो नव्हता.

‘उरलेसुरले’ हा शब्द मात्र मला लागला. टेड विल्यम्स, डिमॅजिओ, बॉब फेलर सैनिकी गणवेशात होते, हे मान्य. खुद्द रूझवेल्ट यांनीच जानेवारी 1942 मध्ये बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांना कळवलं होतं की खेळ चालू राहावा, पण लष्करी वयाच्या खेळाडूंनी सैन्यात जावं. तरीही कार्डिनल्सकडे फलंदाज स्टॅन म्युझियल होता, पिचर (चेंडू टाकणारा) मॉर्ट कूपर होता. त्या मोसमात त्यांनी 105 सामने जिंकले होते. समोर ब्राउन्स. त्यांनी न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला ओळीने चार सामन्यांत हरवून, अगदी शेवटच्या दिवशी, आपली लीग आयुष्यात पहिल्यांदा जिंकली होती.

मैदान दोघांचं एकच, स्पोर्ट्समन्स पार्क. मालकी ब्राउन्सची, कार्डिनल्स भाडेकरू. एक संघ गावात असला की दुसरा दौऱ्यावर, म्हणून ल्यूक सीवेल आणि बिली साउथवर्थ हे दोन्ही मॅनेजर एकाच फ्लॅटमध्ये आळीपाळीने राहत. मालिकेसाठी दोघंही एकदम गावात, तेव्हा एकाला दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागलं!

मी पंचवीस वर्षं क्लब क्रिकेटचा स्कोअर लिहिला. त्या सवयीने 4 ऑक्टोबरचा पहिला सामना चौकटी आखून पेन्सिलने उतरवून काढला. ब्राउन्सचं पान बघा. सत्तावीस जण बाद (नऊ इनिंग, दर इनिंगला तीन), आणि हिटच्या, म्हणजे चेंडू मारून बेस (धावेच्या वाटेवरचा टप्पा) गाठल्याच्या, खुणा फक्त दोन. त्याही चौथ्या इनिंगच्या रकान्यात, एकाखाली एक. दोन बाद झाले असताना जीन मूरचा सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा हिट) आणि लगेच जॉर्ज मॅक्विनचा उजवीकडे होम रन, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर आणि दोघांचेही रन. बाकी पान कोरडं. मोसमात 22 सामने जिंकलेल्या कूपरने दोनच हिट दिले आणि तो हरला. कार्डिनल्सना हिट सात मिळाले, पण रन एकच, तोही नवव्या इनिंगमध्ये. ब्राउन्स 2, कार्डिनल्स 1.

ब्राउन्सकडून नऊच्या नऊ इनिंग पिचिंग केलं डेनी गेलहाउसने. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणजे हाच माणूस. त्या वर्षी तो ओहायोतल्या ॲक्रनच्या विमान कारखान्यात आठवड्याचे सहा दिवस काम करायचा. शनिवारी रात्री गाडीत बसायचं, रविवारी पिचिंग करायचं आणि परत कारखाना. पुढे काम सोडून तो पूर्णवेळ संघात आला. मोसमात त्याचे विजय 9 आणि पराभव 10. कागदावर साधाच गडी, पण त्या दिवशी म्युझियलच्या संघाला त्याने नवव्या इनिंगपर्यंत एक रन करू दिला नाही. युद्ध नसतं तर तो तिथे उभा राहिला असता की नाही, यावर वाद घालता येईल. टाकलेले चेंडू मात्र त्याचेच होते.

मालिका कार्डिनल्सनी 4-2 अशी जिंकली, आणि ते योग्यच झालं. ब्राउन्सच्या क्षेत्ररक्षकांनी दहा चुका केल्या, कार्डिनल्सच्या क्षेत्ररक्षकांनी एक. पण वेळ काढून पाचवा सामनाही उतरवून बघा. 8 ऑक्टोबर, पुन्हा कूपर आणि गेलहाउस समोरासमोर. कूपरने 12 जणांना स्ट्राइकआउट (चेंडू नीट मारता न आल्याने बाद) केलं, गेलहाउसने 10. रे सँडर्स आणि डॅनी लिटव्हायलर यांच्या एकेका होम रनवर कार्डिनल्स 2-0 ने जिंकले. यावेळी हरणारा गेलहाउस होता, आणि तोही पूर्ण नऊ इनिंग टाकून.