या वर्षातली माझी सर्वांत चांगली खरेदी: अण्णांचं कानाचं मशीन

तुम्ही विचारलंय, सरत्या वर्षात घेतलेली सर्वांत उपयोगी वस्तू कोणती, आणि चाळीसेक हजार हाताशी आहेत तर वर्षअखेरीच्या सेलमध्ये काय घ्यावं. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. कानाचं मशीन. माझं नाही, वडिलांचं. दोन्ही कानांचं मिळून ४४ हजार रुपये, जुलैमध्ये घेतलं. २०२५ मध्ये मी फ्रिज बदलला, बऱ्याच वर्षांनी एक पैठणी घेतली, पण यातलं काहीच त्याच्या जवळपास येत नाही.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कराड डेपो, १९७६ ते २००८. त्यातली बरीच वर्षं चिपळूणची गाडी, म्हणजे पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट. जुन्या लालपरीने फिरलेल्यांना आठवत असेल, इंजीन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं, वर नुसतं एक झाकण. घाट चढताना शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. अण्णा बत्तीस वर्षं त्या झाकणाशेजारी बसले. त्यांना ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, वय झालं.

२०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. आई साताऱ्याला मामाकडे गेली होती. निघताना तिने फोन केला, "सातला स्टँडवर या." अण्णा आठला गेले. आई थंडीत तासभर बाकावर बसून होती, पायाशी मामीने दिलेल्या शेंगांची पिशवी. तिने चार वेळा फोन लावला, तो घरात वाजत राहिला. घरी आल्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. अण्णा देवाची शपथ घेऊन सांगत होते, तू आठच म्हणालीस. आई म्हणाली, माझ्याकडे लक्षच नसतं तुमचं. आम्हा भावंडांनाही तसंच वाटलं.

अण्णा खरं बोलत होते, हे मला या वर्षी जूनमध्ये कळलं. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी तपासणी झाल्यावर आलेख समोर ठेवला. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं, त्यातून निघालेला. जाड, घुमणाऱ्या आवाजांची रेघ बरीच बरी होती. बारीक, म्हणजे उंच पट्टीतल्या आवाजांकडे जाता जाता ती घसरत गेली होती आणि ४,००० हर्ट्झला एकदम खड्डा, ७० डेसिबल, म्हणजे तिथला आवाज तेवढा मोठा केला तरच ऐकू येणार. बाईंनी पहिला प्रश्न केला, "हे काय काम करायचे?" वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्यांचा आलेख बरेचदा असाच पडतो म्हणे. मग त्यांनी समजावलं. आ, ओ, ऊ हे स्वर जाड असतात, ते अण्णांना ऐकू येतात. स, श, त, थ, फ, ख यांचा जोर बारीक आवाजात असतो, ते गळून पडतात. म्हणून घरात कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मी तिथेच त्यांना सातचं आणि आठचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सातमधला स गेला की उरलं काय?"

आणि ओरडून उपयोग नाही. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढी होत नाहीत. आम्ही सहा वर्षं ओरडत होतो.

२०१९ लाच कानाच्या डॉक्टरांनी मशीन सुचवलं होतं. दादा म्हणाला, या वयात कशाला, कपाटात पडून राहील. मी खूप मागे लागले तेव्हा त्याने ऑनलाइन पंधराशेचं एक यंत्र मागवलं. ते कानाचं मशीन नव्हतंच, नुसता आवाज वाढवणारा डबा होता. कानाचं मशीन तुमच्या आलेखाप्रमाणे बसवून देतात, जिथे कमी आहे तिथेच वाढवतात. हा डबा सगळंच सरसकट वाढवतो, ऐकू येणारंही. एका लग्नात अण्णांनी तो लावला, पंगतीत कोणाच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं आणि अण्णांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यानंतर तो डबा खरंच कपाटात पडून राहिला. दादाने पुढे सहा वर्षं तोच पुरावा म्हणून दाखवला: बघ, म्हटलं नव्हतं? मी गप्प बसले. मला पुण्याहून येऊन-जाऊन भांडणं नको होती.

आई २०२३ च्या फेब्रुवारीत गेली. शेवटची दोन-तीन वर्षं ती अण्णांशी फार कमी बोलायची. मला वाटायचं, रुसलीय. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "अगं, काही गोष्टी ओरडून सांगायच्या असतात का? सगळ्या आळीला कळतं." मग ती ओरडून सांगता येण्यासारखंच तेवढं सांगायची. जेवायला चला. गॅसवाला आलाय. गोळी घेतली का. सुनेबद्दल मनात काय आहे, स्वतःला कुठे दुखतंय, कशाची भीती वाटतेय, हे हळू आवाजात बोलायचं असतं, ते बोलणं त्या घरात संपलंच. पन्नास वर्षांच्या संसाराच्या शेवटी दोघं एकाच खोलीत गप्प बसलेली मी पाहिलीत. ४४ हजारांची गोष्ट होती. तेव्हा तर थोडी कमीच असेल.

म्हणून तुमच्या प्रश्नाने मला इतकं लिहायला लावलं.

आता या वर्षाचं. जूनमध्ये मी रजा टाकली आणि दादाला न विचारता अण्णांना घेऊन गेले. पंधरा दिवस मशीन वापरून बघायला दिलं, मग पैसे भरले. कानामागे बसतं, कानाच्या मापाचा साचा करून देतात. पहिल्या दिवशी अण्णांनी पेपर उघडला आणि लगेच मिटून खाली ठेवला. कागदाची चुरचुर त्यांना सहन होईना. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून मागे वळून पाहिलं, कोण येतंय म्हणून. तिसऱ्या दिवशी म्हणाले, नको हे, काढ. इथेच बहुतेकांची मशीनं कपाटात जातात. कानाला नाही, मेंदूला त्या आवाजांची सवय गेलेली असते, ती परत लागायला काही आठवडे जातात. सुरुवातीला घरात दोन तास, मग चार, मग बाहेर. त्या पंधरा दिवसांत कोणीतरी शेजारी बसायला हवं. मी बसले. ऑगस्टपासून ते सकाळी दात घासून झाले की स्वतःच लावतात. दहा-बारा दिवसांनी सेल बदलतात: नारिंगी स्टिकर सोलायचं, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. घाटातल्या गाडीची काळजी घ्यायचे तसं करतात, रात्री पुसून सिलिका जेलच्या डबीत ठेवतात.

दादाने दसऱ्याला ५५ इंची टीव्ही घेतला, अण्णांसाठी. ४७ हजारांचा. मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी सप्टेंबरात २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून हीच वेळ आहे म्हणाला. कानाच्या मशीनवर जीएसटी मुळातच नाही, हे त्याला तेव्हा मी सांगितलं. अण्णांना कधी मोठा टीव्ही लागत नव्हता. त्यांना आवाज लागत होता. जुन्या टीव्हीचा आकडा ५० वर असायचा, हल्ली नवा १८ वर चालतो आणि बातम्या त्यांना कळतात.

तुमच्या चाळीस हजारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घरात कोणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, फोनवर "हां, हां" म्हणून भलतंच उत्तर देत असेल, चार माणसांत बसून उगाच हसत असेल, तर आधी त्यांचा कान तपासून घ्या. सेलबिल नंतर. मोबाइल आणखी एक वर्ष चालतो. "या वयात कशाला" हे वाक्य म्हणणाऱ्याला विचारा, मोतीबिंदूच्या वेळी हेच म्हणाला होतास का? घरात तसं कोणी नसेल तर मात्र तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. चांगला मिक्सर घ्या, तो रोज लागतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मशीनआधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, कधी कधी नुसता मळ असतो. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर दुकानात नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, तिथे दिवस महत्त्वाचे असतात. मशीनने कान पूर्वीसारखा होत नाही, लग्नाच्या गर्दीत अण्णांना अजूनही त्रास होतो. पैशांची अडचण असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांना ३,००० रुपये मिळतात. तेवढ्यात चांगलं मशीन येत नाही, पण दिव्यांगांसाठीच्या केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळू शकतं, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही कान आणि वाचेची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा.

आणि दादाबद्दलही. तो वाईट नाही. अण्णांचं रोजचं सगळं तोच बघतो, मी पुण्यात बसून लिहितेय. आईच्या दवाखान्यातल्या रात्री त्यानेच काढल्या. पण या एका गोष्टीत तो चुकला, आणि त्याचं ऐकून मीही.

भाऊबीजेला आम्ही सगळे त्याच्या गाडीतून मामाकडे साताऱ्याला निघालो होतो. अण्णा मागे माझ्याशेजारी. हायवेला लागून दोनेक किलोमीटर झाले असतील, गाडीत सगळे बोलत होते. अण्णांनी मान जरा पुढे काढली आणि म्हणाले, "अरे, इंडिकेटर चालूच राहिलाय की तुझा."

दादाने बंद केला. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग आरशात बघून हळू आवाजात विचारलं, "अण्णा, चहाला थांबायचं का?"

"थांब की," अण्णा म्हणाले.