नवा कोच आलाय, जरा दमानं घे

अरे, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधला तुझा संघ चार मॅच हरला की लगेच ‘कोच बदला’ म्हणून ओरडू नकोस. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाचं बघ. २००३ साली स्कॉट ड्रू तिथे कोच म्हणून आला, तेव्हा एका खेळाडूचा खून आणि पाठोपाठ उघडकीला आलेले गैरव्यवहार यांनी संघाची पार रया गेली होती. पहिल्या सीझनला ८ विजय, २१ पराभव. २००५-०६ मध्ये तर शिक्षा म्हणून कॉन्फरन्सबाहेरच्या (म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांबाहेरच्या) मॅच खेळायलाच बंदी. १७ पैकी जिंकल्या ४. एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत, संघ पोचला तो थेट २००८ मध्ये, आणि २०२१ ला गोन्झागा विद्यापीठाला ८६-७० असं लोळवून अजिंक्यपद!

आता मात्र इतकं थांबायची गरज नाही. पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूनं वर्षभर बाहेर बसायची अट २०२१ मध्येच गेली, त्यामुळे एका उन्हाळ्यात अर्धा संघ बदलता येतो. माझ्या मते तिसऱ्या वर्षीही काही दिसलं नाही, तर खुशाल बोल.

तोवर स्कोअरपेक्षा खेळ बघ. सीझनच्या सुरुवातीला, नोव्हेंबरात, लिंबूटिंबू संघांना धुतलं म्हणून हुरळू नकोस. कोण किती पाण्यात आहे ते जानेवारीत, कॉन्फरन्सच्या मॅचमध्ये कळतं. शॉट हुकला की पाचही जण बचावाला मागे पळतात, की एखादा रेफरीपुढे हात पसरून उभा राहतो? आघाडी गेल्यावर पास फिरतो का? आणि सीझन संपल्यावर कोचनं स्वतः आणलेली पोरं टिकतात की ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव टाकतात, तेही तपास.