मानसोपचार वॉर्डात पेशंटला बांधताना नर्सला काहीच वाटत नाही का?

वाटतं. मी मानसोपचार विभागात नर्स आहे. तुम्ही बांधण्याबद्दल विचारलंयत, पण इच्छेविरुद्ध इंजेक्शन देण्याबद्दलही सांगते.

आमच्यात सगळ्यात जास्त ऐकू येतं ते 'नाइलाज होता'. कधी तो खराच असतो. पेशंट भिंतीवर डोकं आपटत असेल तर त्याच्या होकाराची वाट बघत बसता येत नाही. पण याच शब्दाआड ड्यूटीवर माणसं कमी असणं लपतं, आमची भीती लपते, आणि शिव्या दिल्याचा रागही. शिक्षा म्हणून बांधणं मला कधीच मान्य नाही, मग सीनियर काहीही म्हणोत.

बांधल्यावर तर जबाबदारी वाढते. पट्ट्याखाली माझी दोन बोटं सहज जातात का, त्याची नखं निळी पडत नाहीत ना, पाणी दिलं का, लघवीला विचारलं का. फार वेळ एकाच स्थितीत ठेवलं तर पायात रक्ताच्या गाठी होऊन त्या फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात, आणि पालथं दाबून धरलं तर श्वास कोंडतो. म्हणून शेजारी माणूस हवा. कॅमेरा पुरत नाही.

जबरदस्तीच्या इंजेक्शनचा मात्र आम्ही फारसा विचार करत नाही, कारण ते दोन मिनिटांत उरकतं. जिच्यावर पूर्वी अत्याचार झालेत अशा बाईला चौघांनी धरून कपडे खाली ओढले, तर तिच्यासाठी ते औषध राहत नाही.

हे कमी करता येतं. १८३९ मध्ये डॉक्टर जॉन कोनोली यांनी इंग्लंडमधल्या हॅनवेलच्या मनोरुग्णालयात साखळ्या-पट्टे बंद केले. इंग्लंडमधल्याच 'सेफवॉर्ड्स' या पद्धतीची ३१ वॉर्डांत चाचणी झाली, २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले: बांधणं, जबरदस्तीचं इंजेक्शन अशा उपायांचा वापर सुमारे २६ टक्क्यांनी घटला. त्यात करायचं काय, तर घरून वाईट बातमी आली की पेशंटशी आधीच जाऊन बोलायचं, 'नाही' म्हणताना कारण सांगायचं, अशा गोष्टी. त्यासाठी ड्यूटीवर पुरेशा नर्स लागतात, आणि ते आमच्या हातात नसतं.

तुमच्या घरचं कोणी दाखल असेल तर का बांधलं, किती वेळ, शेजारी कोण होतं, हे बिनधास्त विचारा. आणि पेशंट शांत झाला की त्यालाच विचारून लिहून ठेवा: पुन्हा तशी वेळ आली तर त्याला काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही. तो कागद त्याच्या फाइलला लावायला सांगा.