‘डेडलाइन’मधलं ‘डेड’ आलं कुठून?

तुम्ही विचारलंय की काम संपवायच्या तारखेला ‘डेड’ कशाला चिकटवलं, आणि त्याऐवजी मराठीत ‘मुदत’ म्हटलं तर चालेल का. पहिल्याचं उत्तर जरा अंगावर येणारं आहे. ही रेघ मुळात वेळेची नव्हतीच, ती खरोखर जमिनीवर होती आणि ओलांडणारा मरत असे.

अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध चाललं. दक्षिणेतल्या फुटून निघालेल्या राज्यांनी 1864च्या फेब्रुवारीत जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलला उत्तरेच्या युद्धकैद्यांसाठी तुरुंग उघडला. तुरुंग कसला, उभे ओंडके रोवून केलेलं कुंपण आणि आत उघडं मैदान. जागा 10,000 जणांची. ऑगस्टपर्यंत कैदी 30,000च्या वर गेले. कुंपणाच्या आत सुमारे 19 फुटांवर खुंटांवर आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या. दिसायला अगदी तकलादू, पण कैद्याने ती हद्द ओलांडली की मचाणावरचा पहारेकरी गोळी घालायचा. हीच ‘डेड लाइन’. तेव्हा हे दोन सुटे शब्द होते. तुरुंगाचा प्रमुख हेन्री विर्झ याच्यावरच्या खटल्यात या रेघेचा विषय निघाला आणि नोव्हेंबर 1865मध्ये त्याला फाशी झाली. तिथे जवळपास 13,000 कैदी मेले. ही गोष्ट सांगताना हे सगळे मृत्यू त्या रेघेच्या खात्यावर टाकले जातात, ते चूक. बहुतेक जण उपासमारीने आणि रोगराईने गेले.

पुढे हा शब्द छापखान्यात दिसतो. यंत्राच्या पाट्यावर एक रेघ असे, तिच्यापलीकडे गेलेले अक्षरांचे खिळे छापले जात नसत. आणि 1920च्या सुमारास अमेरिकन वर्तमानपत्रांत बातमी देण्याची शेवटची वेळ म्हणजे डेडलाइन, हा अर्थ रुळला.

आता ‘मुदत’. मी अनुवादाचं काम करतो, त्यामुळे या शब्दाशी रोज गाठ पडते. माझ्या मते हे दोन शब्द जुळे नाहीत. मुदत हा काळाचा पट्टा आहे, डेडलाइन त्याचं टोक. म्हणून मुदत मिळते, वाढते, संपते. डेडलाइन जवळ येते, हुकते, उलटून जाते. ‘पंधरा दिवसांची मुदत’ किंवा ‘शुक्रवारपर्यंत मुदत’ अगदी सहज वाटतं, पण ‘शुक्रवार ही मुदत आहे’ कानाला खटकतं. तिथे सरळ ‘शेवटची तारीख शुक्रवार’ लिहावं. ‘अंतिम मुदत’ मला कधीच आवडलं नाही, पण बातम्यांत ते इतकं मुरलंय की आता भांडण्यात अर्थ नाही.

बोलताना मात्र खुशाल ‘डेडलाइन’ म्हणा, स्त्रीलिंगी: ‘माझी डेडलाइन उद्या आहे.’ फक्त इंग्रजीतलं ‘मीट’ बघून ‘डेडलाइनला भेटलो’ असं लिहू नका. हसू नका, असा मजकूर मी स्वतः दुरुस्त केलाय. ‘काम वेळेत दिलं’ एवढं पुरतं, त्यात डेडलाइन आणायचीही गरज नाही.